दहा ते बारा, पाच ते सात

आमच्या भागातली माणसं आजाराबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत. बारमध्ये उभ्याने कॉफी घेताना, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे तेच. कुणाची मान धरलीय, कुणाचं यकृत बिघडलंय, कुणाला जेवल्यावर जड वाटतंय. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि मानेला वारा लागला, की त्यातून निम्मे रोग होतात, असं माझे शिकलेसवरलेले शेजारीही मानतात. पण एक दुखणं असं आहे की त्याचं नाव कुणी घेत नाही. 'त्याला ते वाईट दुखणं झालंय,' एवढंच म्हणतात, तेही आवाज खाली करून, आणि ऐकणारा लगेच हवापाण्यावर नाहीतर फुटबॉलवर जातो. मी तीस वर्षं डॉक्टर आहे, पण गावात ते नाव मोठ्याने घ्यायला मलाही जमलेलं नाही. इथेही घेणार नाही.

माझं काम तसं बरं करण्याचं नाहीच. पकडण्याचं आहे. कामगार आजारपणाच्या रजेवर गेला की त्याने सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात घरी असलं पाहिजे, रविवारसुद्धा. त्या वेळात विमा कचेरीने पाठवलेला डॉक्टर केव्हाही येऊन बेल वाजवतो, माणूस तपासतो आणि रजा खरी की खोटी ते लिहून जातो. आमच्या या डोंगरातल्या बुटांच्या कारखान्यांसाठी ते काम मी करते. लोरेदाना फियोर्देल्मोंदो माझं नाव, पण पाठीमागे मला सगळे फौजदारीण म्हणतात. म्हणेनात का. तापाने फणफणलेला म्हणून रजेवर गेलेला माणूस मला छपरावर कौलं बसवताना सापडलाय. कंबर धरलेला एकजण मेहुण्याच्या द्राक्षमळ्यात पाठीवरून टोपल्या वाहत होता, आणि मला बघून त्याने टोपलीसकट वाकून दाखवलं.

तर नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे एक चिठ्ठी आली. सेत्तिमियो मार्कोत्सी, वय त्रेपन्न, चामडं कापायच्या यंत्रावर काम, आजार कंबरदुखी, रजा तिसऱ्यांदा वाढवलेली. राहण्याचा पत्ता आईच्या घरचा दिला होता, मोंतेफाल्दो गावात, वेशीला लागून. कारखान्याच्या मालकाने मुद्दाम तपासणी मागितली होती, कारण गुरुवारच्या बाजारात हा गृहस्थ कोंबडी आणि सेलरीच्या जुड्या घेऊन ताठ चालताना कुणीतरी पाहिला होता. माझा तर हा हातखंडा खेळ. सकाळी सव्वादहाला मी बेल वाजवली.

दार उघडायला फार वेळ लागला. आतून पलंग करकरल्याचा आवाज आला, काहीतरी सरकवलं गेलं, कुणीतरी दबक्या आवाजात कुणाला तरी दटावलं. मी मनात म्हटलं, सापडला.

दार एका म्हातारीने उघडलं. झोपायच्या झग्यावर इस्त्रीचा एप्रन, डोक्याला रुमाल, ओठांवर घाईत लावलेली लाली जरा बाहेर गेलेली. वजन चाळीस किलोसुद्धा नसेल. आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पार पिवळा झाला होता. डॉक्टरला काही गोष्टी दारातच दिसतात, इच्छा असो वा नसो.

"या," ती म्हणाली. "पाय पुसून या. माझा मुलगा आजारी आहे."

स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत जुना, रुंद, लोखंडी पलंग होता. त्यावर सेत्तिमियो हनुवटीपर्यंत रजई ओढून पडला होता. रजईतून स्वेटरची कॉलर दिसत होती आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. उशाच्या टेबलावर पेल्यात कवळी होती आणि या गड्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. खाटेखाली बाईच्या सपाता, उशीवर पांढरे लांब केस. बिछाना कुणाचा ते कळायला माझ्या पदवीची गरज नव्हती.

म्हातारी, तिचं नाव एर्सिलिया, पलंगाचा कठडा घट्ट धरून उभी राहिली आणि तिने मुलाच्या आजाराचा इतिहास सांगायला सुरुवात केली. लोकरीची बंडी घालत नाही. घामेजलेला कारखान्यातून निघतो, तसाच मोटारसायकलवर बसतो. लहानपणापासून कुणाचं ऐकेल तर शपथ. मी हूं हूं करत होते आणि मनात अहवाल लिहीत होते: उद्यापासून कामावर रुजू होण्यास योग्य.

पण नियम म्हणजे नियम, तपासल्याशिवाय लिहायचं नाही. मी त्याला उताणं झोपवलं आणि उजवा पाय सरळ वर उचलला. हातभरही गेला नसेल, तोच त्याचा श्वास अडकला. असा श्वास सोंग करून अडकवता येत नाही, मी खूप सोंगं पाहिली आहेत. कण्याशेजारचे स्नायू लाकडासारखे झाले होते. घोट्यामागे हातोडी मारली तर पाऊल हललंच नाही. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली होती. माणूस खरोखरीचा आजारी होता, आणि खरं सांगायचं तर माझी चिडचिड झाली.

कॉफी आणते म्हणून एर्सिलिया भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. तिची पावलं दूर गेल्यावर सेत्तिमियो कुजबुजला, "मॅडम, सगळं लिहा, मला नोकरीवरून काढा, पण तिच्यासमोर काही बोलू नका."

मग त्याने घाईघाईने सांगितलं. आईला ते झालंय. ते. स्वादुपिंडात. गावचे डॉक्टर तारक्विनियो म्हणाले, नाताळपर्यंत काढली तर पुष्कळ. सुरुवातीला त्याची कंबर ठणठणीत होती, तारक्विनियोंनी दया येऊन दाखला लिहिला होता. मग आईला उचलून न्हाणीघरात ने, आण, कूस बदल, असं करताना दुसऱ्या आठवड्यात कंबर खरंच गेली.

"खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात," तो म्हणाला. "माझ्या कंबरेत बसला."

मी विचारलं, कायद्याने हक्काची रजा मिळते की, घरात असं माणूस असलं तर. खोटं कशाला? तर म्हणाला, ती मिळवायला तीन डॉक्टरांच्या समितीपुढे आईला न्यावं लागतं. मग आईच्या नावाने टपालाने कागद येतो, त्यावर दुखण्याचं नाव छापलेलं असतं. आणि आईचं टपाल आईच उघडते, चष्मा लावून खालच्या सहीपर्यंत वाचते.

"तिला काय सांगितलंय तुम्ही?"

"जठराला सूज आहे म्हणून."

"आणि पटलं त्यांना?"

"पटलं." तो छताकडे बघत होता. "तिला कळता कामा नये, मॅडम. तेवढं एकच माझ्या हातात आहे. बाकी मी काय करतोय, उचलतोय आणि ठेवतोय."

पलंगाचंही कोडं त्याने सोडवलं. वरच्या खोल्या गारठलेल्या, जिना आईला चढवत नाही, म्हणून ती खाली झोपते आणि हा तिच्या शेजारी खुर्चीत. पण तपासणीच्या वेळी आजारी माणूस बिछान्यातच सापडला पाहिजे ना? म्हणून सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला आई उठते आणि हा तिच्या जागी झोपतो. "सुरुवातीला मला लाज वाटली," तो म्हणाला. "पण या चार तासांत ती आजारी नसते हो. एप्रन घालते, लाली लावते, माझा ताप बघते. मला ताप नाहीच, तरी बघते. कोंबडीचा रस्सा करते आणि मीठ बघायला म्हणून चार चमचे तिच्या पोटात जातात. एरवी एक जात नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं, की बाबा रे, नियम घरी असण्याचा आहे, बिछान्यात असण्याचा नाही. कपडे घालून खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचलंस तरी मी काही लिहू शकत नाही. अख्ख्या गावाची ही समजूत चुकीची आहे. पण तेवढ्यात कप किणकिणले आणि एर्सिलिया ट्रे घेऊन आली. कॉफी बशीत सांडली होती. मी ती बशीतलीसुद्धा प्यायले.

अहवालात मी लिहिलं: कंबरदुखी, रजा योग्य. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सेत्तिमियोला सही करायला लावली आणि ओझं उचलू नका असं बजावलं. तो हसला.

एर्सिलिया मला दारापर्यंत सोडायला आली. मी नको म्हणत होते, पण ऐकेल तर ती कसली, मुलगा कुणावर गेला होता ते दिसतच होतं. दाराबाहेर येऊन तिने दार मागे ओढून घेतलं आणि उंबरठ्याशेजारच्या दगडी बाकावर बसली. बसताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले.

"किती तारखेपर्यंत आहे त्याची रजा?"

"तीस."

तिने बोटांवर मोजलं. "आठ डिसेंबरपर्यंत नाही का होणार?"

मी म्हटलं, वाढवायचं काम डॉक्टर तारक्विनियोंचं, मला फक्त कमी करता येतं.

"मग कमी करू नका. पुन्हा कधी येणार?"

"ते सांगायचं नसतं."

"सांगू नका, पण या. अधूनमधून या. तुमची भीती राहिली पाहिजे त्याला." ती जरा दम खाऊन म्हणाली, "बत्तीस वर्षं मी कारखान्यात बूट शिवलेत, बाई. घरी असलं की झालं, बिछान्यात असायची गरज नसते, हे मला ठाऊक आहे. बिछान्यात सापडला नाहीस तर नोकरी जाईल, हे मीच त्याच्या डोक्यात घातलं. त्याशिवाय तो आडवा होतो का? रात्रभर खुर्चीत अवघडून बसतो, दिवसभर मला उचलतो. कंबर मोडली त्याची. हे चार तास तरी पाठ टेकतो."

आत तो मला सांगत होता की ते चार तास आईसाठी आहेत.

"आणि तुम्ही उभ्या राहता," मी म्हटलं. "या अवस्थेत."

"उभी कुठे, बसते की मधूनमधून."

मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. तिच्या लक्षात आलं. तिने रुमाल पुढे ओढला, मग पुन्हा मागे सारला.

"पोरी," ती म्हणाली, आणि मी सत्तावन्न वर्षांची बाई, मला पोरी म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं, "माझ्या नवऱ्याला हेच झालं होतं. असेच पिवळे डोळे. जठराला सूज आहे, असं त्याला मीच सांगायची."

समोरच्या गल्लीतून कुणीतरी जात होतं. तिने हात हलवून ओरडून सांगितलं, सेत्तिमियोला जरा बरं आहे, डॉक्टर येऊन गेल्या. तो माणूस गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला माहीत आहे हे त्याला कधी कळू देऊ नका. मी गेल्यावरही नाही. त्याला वाटू दे, आईपासून लपवलं, आईला घाबरू दिलं नाही. एवढं समाधान त्याचं राहू दे. आणि मी गेल्यावर त्याला तीन दिवस मिळतील नियमाने. ते तर मला पुरण्यातच जातील. चौथ्या दिवशी हा उठून कारखान्यात जाईल, तसलाच आहे. त्या दिवशी या तपासायला. त्या दिवशी तो खरा आजारी असेल."

गाडीत बसल्यावर मी तारक्विनियोंना फोन करून खोटा दाखला लिहिल्याबद्दल पाच मिनिटं झापलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, झालं का, आता एर्सिलिया जेवली का ते सांग. मग मी रडले. रस्त्याच्या कडेला गाडी लावून, गुरुवारच्या बाजारातून परतणाऱ्या सगळ्या मोंतेफाल्दोच्या देखत. फौजदारीण रडते ही बातमी संध्याकाळपर्यंत तीन गावं फिरली असणार.

त्यानंतर मी तिथे चिठ्ठीशिवाय जायला लागले. हा सरळसरळ गुन्हा आहे. कचेरीने सांगितल्याशिवाय मला कुणाच्या दारात पाऊल टाकता येत नाही. पण दोन-तीन दिवसांनी एकदा, कधी अकराला, कधी सहाला, मी हातात कोरे कागद घेऊन बेल वाजवायची आणि कपाळावर आठ्या घालून आत जायची. सेत्तिमियो मुकाट पाय वर करायचा. एर्सिलिया पलंगाच्या कठड्याला धरून म्हणायची, बघा ना, अजून बंडी घालत नाही. एकदा तिने मला रस्सा प्यायला लावला, त्यात मीठ अजिबात नव्हतं. मी छान झालाय म्हटलं. तिला चव कळेनाशी झाली होती.

तारक्विनियोंनी रजा आठ डिसेंबरपर्यंत वाढवली. डिसेंबर लागला तसं एर्सिलियाला लाली लावायचं सुचेना. मग एप्रनची गाठ मारता येईना, ती सेत्तिमियो बिछान्यात शिरण्याआधी मारून द्यायचा. सहा तारखेला संध्याकाळी मी गेले तर किल्ली दाराला बाहेरूनच लावलेली होती, आमच्याकडे घरात उठायला कुणी नसलं की लावतात तशी. मी आत गेले. दोघंही पलंगावर होती. ती भिंतीच्या बाजूला, उशीला टेकवलेली. तो तिच्या शेजारी, स्वेटर आणि बूट घालूनच, एक पाय खाली लोंबकळत, गाढ झोपलेला. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलाय," ती फक्त ओठांनी म्हणाली. "लिहा, घरी सापडला."

मी कोऱ्या कागदावर लिहिलं. तारीख घातली, वेळ घातली, सहीसुद्धा केली. तिला दाखवलं तेव्हा तिने चष्मा मागितला आणि खालच्या सहीपर्यंत वाचलं.

नऊ तारखेला सकाळी ती गेली. एका दिवसाने हिशेब चुकला. त्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतांतून चर्चमधल्या माउलीच्या स्वागताच्या होळ्या पेटल्या होत्या, त्या दरवर्षी पेटतातच, आणि एर्सिलियाच्या निधनाचा छापील कागद तोपर्यंत चौकातल्या भिंतीवर लागला होता. 'अल्पशा आजाराने' असं सेत्तिमियोने छापायला लावलं होतं. वाचणारा प्रत्येकजण खरं काय ते जाणून होता आणि प्रत्येकजण म्हणत होता, हो ना, बिचारीचं जठर. मी अंत्यविधीला मागच्या बाकावर बसले. त्याने मला पाहिलं आणि मान लववली.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मी बेल वाजवली. पाळी आठ वाजता सुरू होते, तेव्हा तो कामावर गेलेला असणार, असंच मी धरून चालले होते, तरी एर्सिलियाने सांगितलं होतं म्हणून आले. पण दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. कामाचं जाकीट अंगात, मोटारसायकलची किल्ली हातात. सहा वाजता तयार होऊन बसला होता म्हणे. तेव्हापासून उठताच आलं नव्हतं.

"मॅडम, दाखला संपलाय," तो म्हणाला. "मी आज रजेवर नाही. निघतोच आहे."

"झोपा," मी म्हटलं. "नियम माहीत आहे ना? बिछान्यातच सापडलं पाहिजे."

तो उठला. मी त्याचे बूट काढले, कारण त्याला वाकता येत नव्हतं. पलंगावर नवी चादर होती, ताठ, कडक. तो भिंतीकडची जागा सोडून कडेला झोपला. मी पाय उचलून पाहिला, घोट्यावर हातोडी मारली, नाडी मोजली, सगळं अगदी रीतसर. मग तिथूनच तारक्विनियोंना फोन लावून पंधरा दिवसांचा दाखला लिहायला सांगितला. त्यांनी आजार कोणता लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, कंबरदुखी लिहा, ती आहेच.

फोन ठेवला तेव्हा तो छताकडे बघत होता.

"मॅडम, तुम्ही एवढ्या वेळा आलात. तुमचं लक्ष असायचं तिच्याकडे, मी बघायचो." त्याने मान माझ्याकडे वळवली. "तिला कळलं होतं का हो?"

आयुष्यभर मी लोकांचं खोटं पकडलं. माणूस खोटं बोलताना नजर कुठे नेतो, हात कुठे ठेवतो, सगळं मला ठाऊक आहे. मी त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि हात मांडीवर स्थिर ठेवले.

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत त्या हेच धरून होत्या, की आजारी तुम्ही आहात."

तो रडायला लागला. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तसा. मी रजई त्याच्या खांद्यापर्यंत ओढली, तो रात्री बसायचा ती खुर्ची पलंगाजवळ घेतली आणि बारा वाजेपर्यंत तिथेच बसले.